मुलींनाही सक्तीची लष्करी सेवा असावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेन्मार्कमध्ये १ जुलै २०२५ नंतर अठरा वर्षांची होणारी प्रत्येक मुलगी सक्तीच्या लष्करी सेवेच्या यादीत येते. नॉर्वेत हे २०१५ पासून आहे, स्वीडनमध्ये २०१७ पासून आणि इस्रायलमध्ये तर १९४९ पासून. भारतात कुणालाच सक्ती नाही. त्यामुळे आपल्याकडे हा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा 'बायकांना झेपेल का' इथेच अडकतं. खालच्या प्रश्नांची उत्तरं देताना मी माझं मत लपवलेलं नाही. सक्ती का हवी, हे सरकारनं आधी सिद्ध करावं; आणि ती आलीच, तर मुलगा की मुलगी हे बघून लावू नये.

सक्ती म्हणजे अठरा वर्षांच्या प्रत्येकाला उचलून सैन्यात नेतात का?

काही देशांत जवळपास तसंच आहे, पण युरोपच्या उत्तरेकडे नाही. नॉर्वेचं उदाहरण घ्या. तिथे दरवर्षी सुमारे ६० हजार मुलामुलींना सतराव्या वर्षी प्रश्नावली भरावी लागते. तब्येत कशी आहे, शिक्षण काय चाललंय, सैन्यात जायची इच्छा आहे का, असे प्रश्न असतात. त्यातून निवडक जणांना प्रत्यक्ष चाचणीला बोलावतात आणि शेवटी साधारण दहा हजारांच्या आत-बाहेर तरुण वर्षभराच्या सेवेत जातात. बाकीच्यांचं नाव कागदावर राहतं.

थोडक्यात, तिथे उत्तर देणं आणि बोलावलं तर चाचणीला जाणं सगळ्यांना बंधनकारक आहे. सेवा मात्र निवडक लोक करतात. इच्छा नसलेल्याला सहसा घेत नाहीत, कारण पात्र आणि इच्छुक असे पुरेसे मिळतात. पण पुरेसे मिळाले नाहीत, तर कायदा त्याला बोलावू शकतो.

इच्छेनं जायची मोकळीक मुलींना आधीपासून होतीच. मग सक्तीच्या यादीत नाव घालून काय साधलं?

माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. नॉर्वेत मुली कायदा बदलण्याआधीही स्वतःहून जाऊ शकत होत्या, पण थोड्याच जात. मुलाला घरबसल्या पत्र यायचं. मुलीला मात्र स्वतः चौकशी करावी लागायची, घरच्यांना पटवावं लागायचं, 'तुला कशाला हवं ते' याला उत्तर द्यावं लागायचं. १४ जून २०१३ ला नॉर्वेच्या संसदेनं तत्त्व मान्य केलं. तिथल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळून त्याच वर्षी शंभर वर्षं झाली होती. २०१४ मध्ये कायदा झाला, १ जानेवारी २०१५ ला लागू झाला आणि १९९७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली यादीत आल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांची पहिली तुकडी दाखल झाली. आज तिथे सेवेत असलेल्या तरुणांपैकी जवळपास एक तृतीयांश मुली आहेत.

पत्र सगळ्यांनाच येतं म्हटल्यावर जिनं सैन्याचा कधी विचारही केला नव्हता, ती मुलगीही चाचणीला जाते आणि आपल्याला हे जमतं हे तिला तिथे कळतं. सैन्याचाही फायदा होतो. एका पिढीतल्या निम्म्याच तरुणांतून निवडण्याऐवजी सगळ्यांतून निवडता येतं.

डेन्मार्कमध्ये चिठ्ठी काढतात म्हणे. ते काय आहे?

अठरा वर्षं झाली की तरुणाला संरक्षण दिनाचं बोलावणं येतं. तिथे तब्येतीची तपासणी, माहिती आणि मग चिठ्ठी. चिठ्ठीवर क्रमांक असतो. स्वतःहून येणारे पुरेसे असतील तर क्रमांकाचा उपयोगच होत नाही, आणि अलीकडे बहुतेक वेळा तसंच झालं. कमी पडले, तर क्रमांकानुसार बोलावतात. पूर्वी ही चिठ्ठी मुलांनीच काढायची. मुली आल्या तर हौसेनं. आता दोघांनीही काढायची. त्याच बदलांत सेवेचा काळ चार महिन्यांवरून अकरा महिन्यांवर गेला. रशियानं युक्रेनवर केलेल्या हल्ल्याची भीती या बदलामागे उघडपणे आहे. कोपनहेगनच्या सरकारला एकाएकी समतेचा पुळका आला, असं कुणी समजू नये. माणसं कमी पडत होती, म्हणून नियम बदलला. तरी बदललेला नियम न्याय्य आहे, असं मला वाटतं.

शारीरिक ताकदीचं काय? सरासरी मुलगी सरासरी मुलापेक्षा कमी वजन उचलते, हे खरं नाही का?

खरं आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. वरच्या अंगाच्या ताकदीत फरक मोठा असतो. सुरुवातीच्या खडतर प्रशिक्षणात मुलींच्या हाडांना ताणामुळे बारीक तडे जाण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, हेही अनेक सैन्यांत दिसून आलंय. पण या फरकातून 'मुलींना यादीतूनच वगळा' हा निष्कर्ष निघत नाही.

पहिली गोष्ट, सरासरी भरती होत नाही. माणूस भरती होतो. पायदळाच्या तुकडीला पाठीवर ठरावीक ओझं घेऊन ठरावीक वेळात ठरावीक अंतर कापणारी माणसं लागतात. मग तेवढीच चाचणी ठेवा आणि जो किंवा जी पार करेल, त्याला किंवा तिला घ्या. मुलींसाठी ती सोपी करू नका. कमी मुली पार करतील, तर कमी येतील. मुलांपैकीही कित्येक जण त्या चाचणीत गळतात, म्हणून कुणी सगळ्या मुलग्यांना वगळत नाही.

दुसरं म्हणजे आजच्या सैन्याचा फार मोठा भाग पायदळाबाहेर आहे. रडार, संदेशवहन, ड्रोन, सायबर, रुग्णसेवा, वाहनं, पुरवठा, गुप्तवार्ता. रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्याच्या दंडाचा घेर कुणी मोजत नाही.

तिसरी गोष्ट साध्या व्यवस्थेची. दुखापतींतला बराच भाग मापात न बसणारे बूट, पुरुषी अंगाला बेतलेल्या पाठपिशव्या आणि चिलखती जाकिटं, आणि पहिल्याच आठवड्यात एकदम वाढवलेला भार यांतून येतो. ओझं टप्प्याटप्प्यानं वाढवलं की दुखापती कमी होतात, मुलांच्याही. नॉर्वेनं २०१४ मध्ये फक्त मुलींची एक विशेष टेहळणी तुकडी उभी केली. तिचं नाव येगरट्रॉपेन. त्या निवडीत बहुतेक मुली गळतात आणि ज्या उरतात, त्या कुणाच्या उपकारावर उरत नाहीत.

इस्रायलमध्ये तर पहिल्यापासून मुलींना सक्ती आहे. तिथे समता आहे का?

पूर्ण नाही, आणि म्हणूनच त्याकडे बारकाईनं बघायला हवं. १९४९ च्या कायद्यानं मुलींनाही सेवा बंधनकारक केली. पण मुलांची सेवा अडीच वर्षांहून जास्त, मुलींची साधारण दोन वर्षं. लग्न झालेल्या किंवा आई झालेल्या स्त्रीला सूट. धार्मिक कारणानं सेवा करणार नाही, असं लिहून देणाऱ्या मुलीलाही सूट. अशा कित्येक मुली शाळा-रुग्णालयांत नागरी सेवा करतात. आणि अनेक दशकं मुलींच्या वाट्याला मुख्यतः टंकलेखन, कार्यालय आणि प्रशिक्षण अशीच कामं आली. यादीत नाव आलं, पण चांगल्या कामांची दारं बंदच राहिली.

ती दारं न्यायालयानं उघडली. ॲलिस मिलर दक्षिण आफ्रिकेतून आलेली, विमानशास्त्र शिकलेली, विमान चालवण्याचा परवाना असलेली तरुणी. हवाई दलानं तिला वैमानिकाच्या निवडीला बसूच दिलं नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. ती स्वतः पुढे वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरली, पण २००१ मध्ये रोनी झुकरमन लढाऊ विमानाची वैमानिक झाली. दरम्यान २००० साली कायदा बदलून जवळपास सगळी पदं मुलींना खुली झाली.

७ ऑक्टोबर २०२३ चा, हमासच्या हल्ल्याचा दिवसही विसरता येत नाही. गाझाच्या सीमेवर कॅमेऱ्यांतून टेहळणी करणाऱ्या बहुतेक एकोणीस-वीस वर्षांच्या मुली होत्या. पलीकडे काहीतरी शिजतंय, असं त्या वरिष्ठांना आधीपासून सांगत होत्या, असं त्या हल्ल्यातून बचावलेल्या मुलींनी आणि मुलींच्या कुटुंबीयांनी जाहीरपणे सांगितलंय. नहल ओझच्या तळावर हल्ला झाला, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकींच्या हातात शस्त्रही नव्हतं. कित्येक मारल्या गेल्या, काहींना ओलीस नेलं. 'मुलींना लढाईबाहेरची सुरक्षित कामं देऊ' या कल्पनेचं काय होतं, ते इथे दिसलं. लढाई तळापर्यंत येते. मग जिला तिथे बसवता, तिला शस्त्र द्या, ते चालवायला शिकवा, आणि ती सांगते ते ऐका.

या प्रश्नाचा मराठीशी थेट संबंधही आहे. कोकणातून, अलिबाग-पेणच्या बाजूच्या गावांतून गेलेले बेने इस्रायली लोक, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे स्थायिक झाले. ज्या घरांतल्या आज्या मराठी बोलतात, त्या घरांतल्या नाती सैन्यात जातात, आणि हे आता पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

बाळंतपण, मुलंबाळं यांचं काय?

सेवा अठरा-एकोणिसाव्या वर्षी, एक वर्षाची. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये पहिलं मूल होतं तिशीच्या आसपास. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. गरोदर असलेल्या किंवा लहान मूल सांभाळणाऱ्या कुणालाही सवलत असावी, आणि ती आईइतकीच एकट्यानं मूल वाढवणाऱ्या बापालाही मिळावी.

बायका घरात आधीच बिनपगारी राबतात. वर ही सक्ती कशाला?

या आक्षेपाबद्दल मला आदर आहे. समानता नोकरीत नाही, पगारात नाही, घरकामात नाही. मग ती बंदुकीपासूनच का सुरू करायची? स्वित्झर्लंडमध्ये ३० नोव्हेंबर २०२५ ला सर्व नागरिकांना, म्हणजे बायकांनाही, लष्करी किंवा नागरी सेवा बंधनकारक करण्याच्या प्रस्तावावर मतदान झालं आणि सुमारे ८४ टक्क्यांनी तो फेटाळला. विरोधकांमध्ये हा मुद्दा ठामपणे मांडणाऱ्या स्त्री संघटना होत्या.

तरी मला तो पुरेसा वाटत नाही. घरकामाचा बोजा बायकांवर पडतो, तो 'हे बाईचं काम, ते पुरुषाचं' या वाटणीमुळे. फक्त मुलग्यांना सैन्यात बोलावणारा कायदा तीच वाटणी सरकारी शिक्का मारून पक्की करतो. रक्षण करणारा तो आणि जिचं रक्षण करायचं ती. मग संरक्षणाचे निर्णयही त्यानंच घ्यायचे, हे ओघानं येतंच. शिवाय सूट मिळालेल्या मुलीच्या जागी कुणीतरी जातोच. तो एकोणीस वर्षांचा मुलगाही कुणाचा तरी असतो, आणि युद्ध त्यानं सुरू केलेलं नसतं. घरकामाची भरपाई म्हणून त्याला पुढे करणं मला पटत नाही.

दक्षिण कोरियातले तरुण यावर इतके चिडलेले का आहेत?

कारण तिथे सक्ती फक्त मुलांना आहे, भूदलात दीड वर्षाची, आणि ती ऐन शिक्षण-नोकरीच्या वयात येते. सेवा केलेल्यांना सरकारी परीक्षेत पूर्वी जादा गुण मिळत. बायका आणि अपंग यांच्यावर त्यानं अन्याय होतो, म्हणून घटना न्यायालयानं १९९९ मध्ये ते रद्द केले. निकाल बरोबर होता. पण सेवा मुलांनीच करायची हे तसंच राहिलं. २०२३ मध्येही घटना न्यायालयानं पुरुषांपुरती सक्ती वैध ठरवली. त्यातून आलेला कडवटपणा तिथल्या निवडणुकांतही उतरला आणि स्त्रीवाद ही अनेक तरुणांच्या लेखी शिवी झाली. अर्धवट समता ठेवली की तिचा राग बायकांवरच निघतो.

आणि अमेरिका?

प्रत्यक्ष सक्तीची भरती १९७३ पासून बंद आहे. १८ ते २५ वयाच्या पुरुषांची नोंदणी मात्र चालते. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी स्त्रियांचीही नोंदणी करण्याची सूचना केली. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ती मानली नाही. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी पुरुषांपुरती नोंदणी योग्य ठरवली. कारण दिलं ते असं: स्त्रियांना लढाऊ पदं बंद आहेत, आणि भरती तर लढाऊ सैनिकांचीच करायची आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सगळी लढाऊ पदं स्त्रियांना खुली झाली. निकालाचा पायाच गेला, पण नियम उभा आहे. २०२० मध्ये सरकारनंच नेमलेल्या आयोगानं स्त्रियांची नोंदणी करावी अशी शिफारस केली. २०२१ मध्ये न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. काँग्रेस विचार करते आहे, असं तीन न्यायमूर्तींनी त्या वेळी नोंदवलं. काँग्रेसचा विचार अजून संपलेला नाही.

मुलींचा छळ होईल, ही भीती खोटी आहे का?

अजिबात खोटी नाही. सक्तीच्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा मला हाच वाटतो. स्वतःहून आलेली सैनिक निदान राजीनाम्याचा विचार करू शकते. सक्तीनं आणलेली मुलगी उठून जाऊ शकत नाही, आणि वरिष्ठाचा हुकूम मोडणं हा तिच्यासाठी गुन्हा असतो. नॉर्वेसारख्या देशाच्या लष्करानं स्वतःच केलेल्या २०१८ च्या पाहणीत तरुण सैनिक मुलींनी छळाच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात सांगितल्या.

म्हणून सरकारनं आधी काही गोष्टी करून दाखवायला हव्यात. तक्रार त्याच तुकडीच्या प्रमुखाकडे न जाता लष्कराबाहेरच्या यंत्रणेकडे गेली पाहिजे. तक्रार केली की मुलीची बदली करायची आणि आरोपीला तिथेच ठेवायचं, हे बंद व्हायला हवं. दरवर्षीचे आकडे जाहीर झाले पाहिजेत. आणि एका तुकडीत एकटी-दुकटी मुलगी टाकू नये. दहा जणांत तीन-चार मुली असतील, तर वागणं आपोआप बदलतं. या अटी पाळायची तयारी नसलेल्या सरकारला मुलींना सक्ती करण्याचा अधिकार नाही. अशा तुकड्यांत दुबळ्या मुलग्यांचाही छळ होतो, त्यांनाही याच व्यवस्थेची गरज आहे.

सक्ती दोघांनाही असली, की ती न्याय्य झाली का?

नाही. एरिट्रिया बघा. स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या लढवय्यांपैकी साधारण तीस टक्के स्त्रिया होत्या. अभिमान वाटावा असा इतिहास. १९९५ च्या कायद्यानं स्त्री-पुरुष दोघांनाही अठरा महिन्यांची सेवा लावली. १९९८ मध्ये इथिओपियाशी युद्ध पेटलं आणि ते अठरा महिने संपेनासे झाले. माणसं वर्षानुवर्षं अडकली. बारावीचं वर्ष सावा इथल्या लष्करी छावणीत काढावं लागतं. तिथल्या लैंगिक अत्याचारांच्या भीतीनं मुली शाळा सोडतात, कोवळ्या वयात लग्न करतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं २०१६ मध्ये या सेवेला गुलामगिरी म्हटलं. तिथे मुली यादीत आहेत, म्हणून समतेच्या खात्यात काही जमा होत नाही. मुदत निश्चित नसेल, नकार देणाऱ्याला नागरी सेवेचा पर्याय नसेल, सरकारला जाब विचारता येत नसेल, तर मुलगे काय आणि मुली काय, कुणालाच सक्ती असू नये.

हे सगळं आधुनिक फॅड आहे का?

नाही. ब्रिटननं डिसेंबर १९४१ मध्ये २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रिया आणि मूल नसलेल्या विधवा यांना कायद्यानं युद्धसेवेत बोलावलं. विमानविरोधी तोफांच्या तुकड्यांत त्या शत्रूची विमानं हेरत, अंतर मोजत, नेम ठरवत. तोफ डागायचं तेवढं पुरुषानं. बॉम्ब मात्र दोघांवर सारखेच पडत होते.

भारतात उद्या सक्ती आली, तर राज्यघटना काय म्हणते?

अनुच्छेद २३(२) नुसार सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं. पण ती लावताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणांवरून भेद करता येत नाही. या यादीत लिंग नाही. म्हणजे केवळ पुरुषांना बोलावण्याची वाट तिथे मोकळी दिसते. दुसरीकडे अनुच्छेद १५ लिंगभेदाला मनाई करतो, आणि ५१क मधलं देशरक्षणाचं कर्तव्य प्रत्येक नागरिकाचं आहे. प्रसंग आला तर हा वाद न्यायालयात जाणार, हे नक्की. आपल्याकडे सक्तीच्या जवळ जाणारी एक गोष्ट झाली होती: चीनच्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयीन मुलग्यांना एनसीसी सक्तीचं झालं आणि १९६८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक केलं.

भारताला आज सक्तीची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे भरतीच्या मैदानावर जागांच्या कितीतरी पट तरुण रांगेत असतात. आपल्यासमोरचा प्रश्न इच्छुक मुलींना वाट देण्याचा आहे, आणि तिथे आपण उशीर केला. सैन्यदलांत डॉक्टर-परिचारिका यांच्यापलीकडे स्त्री अधिकारी घ्यायला १९९२ उजाडलं. भूदलात कायम नेमणुकीसाठी १७ फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. खडकवासल्याच्या एनडीएची परीक्षासुद्धा ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंच मुलींना खुली झाली. ३० मे २०२५ ला सतरा मुली तिथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. पण भूदलाची पायदळ आणि रणगाडा दलं अजूनही मुलींना बंद आहेत. ती दारं परीक्षेच्या एकाच मापानं खुली करावीत. सक्तीची चर्चा त्यानंतरची.

आम्ही सिंगापूरला असतो. मुलाला बोलावणं येतं, मुलीला नाही. असं का?

सिंगापूरमध्ये दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा नागरिक मुलग्यांना आणि आईवडिलांमुळे कायम रहिवासी झालेल्या मुलग्यांना लागू आहे. मुलींना नाही. २०१४ पासून एक स्वयंसेवक दल आहे, त्यात मुली जाऊ शकतात. एकाच घरातल्या बहीण-भावांपैकी भावाचीच दोन वर्षं जातात आणि बहीण तोवर पदवीच्या वाटेला लागते, हा फरक तिथल्या अनेक मराठी घरांनी जवळून पाहिलाय.

आमची मुलगी डेन्मार्क, नॉर्वे किंवा स्वीडनमध्ये वाढली. तिला पत्र येईल का? ओसीआयचं, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो त्या कार्डाचं, काय?

या तिन्ही देशांत सक्ती तिथल्या नागरिकांना आहे. मुलीकडे फक्त भारतीय पासपोर्ट असेल, तर तिच्यावर बंधन नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर पत्र येईल आणि त्याला उत्तर देणं बंधनकारक आहे. दुर्लक्ष केल्यास दंड होऊ शकतो.

ओसीआयचा नियम नीट बघा. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड मिळत नाही, असा भारताचा नियम आहे. इस्रायलमधल्या भारतीय वंशाच्या लोकांची यामुळे फार अडचण झाली होती, कारण तिथे सेवा सहसा टाळता येत नाही. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान मोदी यांनी तेल अवीवमध्ये जाहीर केलं, की सक्तीची सेवा केलेल्यांनाही हे कार्ड मिळेल. आता उत्तर युरोपातल्या आपल्या मुलींवर हाच प्रश्न येणार आहे. तेव्हा सेवेत दाखल होण्याआधी त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडून लेखी उत्तर घ्या, आणि ही सेवा कायद्यानं सक्तीची होती असं सांगणारं बोलावण्याचं पत्र जपून ठेवा.